दोन टिंबांची दांडी

नाना, गेल्या आठवड्यात तुमच्या हातची एक सतार माझ्या दुकानात दुरुस्तीला आली, म्हणून हे लिहायला बसलो आहे. एरवी लिहिलं नसतं. तुम्ही होतात तेव्हाही देवासहून धारला मी कधी एक ओळ पाठवली नाही. शिवाय आता थकलो आहे. करवत खाली ठेवली तरी बोटं लगेच उघडत नाहीत, मूठ थोडा वेळ तशीच राहते. तुमचीही राहायची, आणि आई न बोलता कोमट पाण्याचं भांडं पुढे सरकवायची. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. आता भांडं माझं मलाच आणावं लागतं, आणि ते आणेपर्यंत बोटं आपली आपण उघडतात.

सतार घेऊन आला तो कुक्षीच्या कचेरीतला एक तरुण. त्याचे आजोबा तुम्हाला आठवतील. कमाविसदार होते, घर निसरपूरला नदीकाठी. सतारीवर मोर कोरून द्या म्हणून हटून बसले होते, आणि मोर हवा असेल तर पिंजरा करून देतो, असं तुम्ही त्यांना ऐकवलं होतं. तरी सतार त्यांनी तुमच्याकडूनच नेली. ती प्लेगाच्या साथीनंतर, म्हणजे मी देवासला येऊन चार वर्षं झाल्यावर केलेली, म्हणून माझ्या पाहण्यात नव्हती. दांडी भोपळ्यापाशी पुढे झुकली होती आणि तारा पडद्यांपासून इतक्या वर उठल्या होत्या की दाबताना बोट कापावं. पोरगा भला वाटला. आपल्याकडच्या आताच्या मुलांसारखं अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलत होता. "आजोबा सांगायचे, धारवाल्या नानांचा सांधा जिंदगीभर सुटत नाही," तो म्हणाला. "मग हा कसा काय सुटला, काका?" मी म्हटलं, उघडून बघतो, चार दिवसांनी ये.

पण उघडायला हात होईना. तुमचा सांधा मी जन्मात कधी उघडलेला नव्हता. तुमची रीत डोळ्यांपुढे येत राहिली. आधी भोपळा समोर ठेवून त्याच्याकडे दोन दोन दिवस नुसतं बघायचं, मग त्याच्या गळ्याच्या मापानं दांडीचं टोक तासायचं, त्या एकाच भोपळ्यात बसेल असं. सांधा चिकटवायचा सरस कातड्याचा, म्हणून आईनं तो स्वयंपाकघरात कधी येऊ दिला नाही. त्यासाठी परसात वेगळी चूल होती. सरस कढला की तुम्ही कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून दांडीच्या टोकाला टेकवायचे आणि मगच सांधा धरायचे. ते कुंकवाचं बोट सांध्याच्या आत गेलं की पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडायचं नाही. पदरी पडलं पवित्र झालं, असं तुम्ही म्हणायचे, आणि त्यानंतर त्या दांडीबद्दल घरात चर्चा बंद.

त्या सगळ्यात बिब्बा घातला तो महूच्या छावणीतल्या गोऱ्या बँडमास्तरच्या गिटारनं. तिची किल्ली हरवली म्हणून त्यानं ती आपल्याकडे धाडली होती, आणि वाद्याला किल्ली कशाला लागते हेच आपल्याला आधी कळेना. तिची मान चिकटवलेली नव्हती. मागे एक भोक, आत स्क्रू; तो फिरवला की मान केसभर मागे नाहीतर पुढे होणार. आपल्या भिंतीवरच्या घड्याळाची किल्ली तिला बरोबर बसली. मला ते आजही दिसतं. तुम्ही ओसरीवर मांडी घालून बसला आहात, गिटार आडवी मांडीवर, किल्ली हळूहळू फिरते आहे, मी तारांना डोळा लावून 'अजून, अजून, बस' म्हणतो आहे, आणि तारा पडद्यांवर उतरतात. तुम्ही नुसतं हुं केलंत. त्या हुंकाराचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

नंतर महिनाभर मी तुमच्यापासून लपवून पत्र्याचा साचा कापला आणि तुणीच्या लाकडाच्या दोन दांड्या केल्या, टोकं अगदी एकसारखी, चौकोनी. एकीच्या टोकाला एक टिंब कोरलं, दुसरीच्या टोकाला दोन. कुठलीही दांडी कुठल्याही भोपळ्याला बसावी, मोडली तर दुसरी चढवावी, झुकली तर किल्ली फिरवावी. मग त्या तुमच्यापुढे नेऊन ठेवल्या. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तुम्ही साच्याकडे बघितलंदेखील नाही. दोन टिंबांच्या दांडीत, टोकाशीच, अंगठ्याचं नख रोवलंत आणि खूण मला दाखवलीत. "लाकूड ओलं आहे," तुम्ही म्हणालात. "आणि कोणाचीही कोणालाही बसते ती खुंटी, दांडी नव्हे. दोन्ही चुलीत घाल." एक मी त्याच वेळी सरसाच्या चुलीत घातली, रागानं. दुसरी तुमच्या हातातच होती. संध्याकाळी आईला विचारलं तर ती म्हणाली, घातली. आई खोटं बोलत नसे, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

मी देवासला निघालो तेव्हा तुम्ही चिडवलंत, की जा, एका गावात दोन राजे नांदतात तिथंच तुझं कोणाचंही कोणालाही चालायचं. मला ते फार लागलं होतं. आता वाटतं, बरं बोललात, थोडं हसायला हवं होतं. गाडीत बसल्यावर तुम्ही घड्याळाची किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, घड्याळ बंदच पडलंय, घेऊन जा. ते बंद नव्हतं. तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं, की ते तीन दिवस चाललं आणि थांबलं, आणि नंतर तुम्ही ओसरीवरच्या उन्हावरून वेळ सांगायला लागलात.

इथं मी गिटारीच केल्या, नाना. छावणीतल्या बँडवाल्यांसाठी, मिशनच्या शाळेसाठी, पुढे इंदूरच्या नाटकवाल्यांसाठीही. सगळ्यांच्या माना किल्लीच्या. मान, घोडी, खुंट्यांची पाटी, सगळं साच्यातलं. सकाळी कोणी मोडकी घेऊन यायचा आणि दुपारी नवी मान लावून वाजवत जायचा. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही वीस वर्षांपूर्वीची सतार नुसत्या आवाजावरून ओळखायचे, कुठल्या भोपळ्याची, कोणी नेली, तेव्हा त्याच्या घरी काय चाललं होतं, सगळं. मला माझी एकही मान आठवत नाही. आठवण्यासारखं मी तिच्यात काही ठेवलंच नव्हतं. आता मुंबईहून रेल्वेनं तयार गिटारी येतात, त्या स्वस्तही आहेत आणि वाईटही नाहीत. माझ्या साच्यांवर धूळ बसली आहे आणि ती पुसायचाही कंटाळा येतो.

असो. तिसऱ्या दिवशी गरम पाण्याचं फडकं सांध्यावर ठेवलं, सरस मऊ केला, पातळ सुरी फिरवली. दांडी जवळजवळ आपणहून हातात आली. टोक चौकोनी होतं. तुम्ही असं टोक कधी तासलं नाही. उजेडाला धरलं तर त्यावर दोन टिंबं, आणि टिंबांच्या शेजारी तुमच्या बोटाचं कुंकू. रंग विटलेला, पण बोटाच्या रेघा कळत होत्या. नखाची खूणही होती, मी तिच्यावर माझं नख ठेवून पाहिलं. बराच वेळ दुकानात गिऱ्हाईक आलं नाही हे बरंच झालं.

लाकूड ओलं होतं, तुमचंच खरं. सुकताना ते आकसलं, टोक आत सैल झालं आणि दांडी झुकली. मग ती बसवलीत का? प्लेगानंतर चांगलं लाकूड मिळत नव्हतं म्हणून? चार वर्षं ठेवून वाळली असेल असं वाटलं म्हणून? की माझी म्हणून? तुमच्यासारखा माणूस चुकीचं लाकूड वापरणार नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तरी तुम्ही वापरलंत. मला राग आला, नाना. एवढं करायचं होतं तर दोन शब्द देवासला कळवायचे होते. मी आलो असतो. मग आठवलं, की ओळ मीही पाठवली नव्हती.

नवी दांडी करता आली असती. केली नाही. टोकाला दोन्ही बाजूंनी पातळ चिपा लावून घेतल्या, मात्र टिंबं आणि कुंकू झाकू दिलं नाही, आणि सांध्यात स्क्रू बसवला, तुमच्या घड्याळाच्या किल्लीनं फिरेल असा. तारा पडद्यांवर उतरल्या. आवाज तुमचाच होता. त्या भोपळ्याला माझी दांडी शोभत होती, हे म्हणायला इतकी वर्षं लागली.

काल पोरगा आला. किल्ली कशी फिरवायची ते मी त्याला दाखवलं आणि किल्ली त्याच्याच हवाली केली. त्यानं तारांवर दोन बोटं फिरवून बघितली, खूश झाला, सतार गवसणीत घातली. उंबऱ्यापाशी थांबून हसत म्हणाला, "म्हणजे नानांचं पण कभी कभी चुकायचं, नाही का काका?" मी म्हटलं, नदीकाठची हवा दमट असते. तो हो म्हणाला, मोठ्या माणसाचं मन राखायला म्हणतात तसं.

कालपासून मी स्वतःला सांगतो आहे, की तुम्ही ओलं लाकूड वापरलंत हे कोणाला कळू नये म्हणून गप्प बसलो. ते खरं नाही. दांडी माझी आहे, हे सांगायची मला या वयात लाज वाटली. सतार आता निसरपूरच्या वाटेवर असेल. चूक अजूनही तुमच्या नावावर आहे, आणि ती मी तिथंच राहू दिली.