आबांच्या गावावरचं पाणी

प्रिय उज्ज्वलाताई,

गेल्या महिन्यातल्या त्या सोमवारी मी पहिल्या एसटीने नाशकात आलो. मांडीवर आबांच्या अस्थींचं गाठोडं होतं. तू सांगितलं होतंस तसं रामकुंडावर विसर्जन करायचं आणि मग तुझ्याकडे जेवायला यायचं, असं ठरवूनच निघालो होतो. गुरुजींनी पायरीवर बसवलं, नाव-गोत्र विचारलं, संकल्प सांगितला. मी ओंजळ पुढे केली आणि तशीच मागे घेतली. गुरुजी म्हणाले, "काय झालं पाटील? दक्षिणेचं मागाहून बघू की!" मला हसूही आलं आणि रडूही. त्यांच्या पाया पडलो, गाठोडं पुन्हा बांधलं आणि परतीच्या गाडीत बसलो. तू वरणभात करून दारात वाट बघत होतीस, हे मला रात्री साक्षीने फोनवर सांगितलं. पोरगी तुझ्याकडे राहून कॉलेज शिकते, म्हणून बापाला निदान एवढं तरी कळलं.

त्यानंतर तू एकदाच फोन केलास. "बापाला झाडाला टांगून ठेवलंस, आन् आई तिकडं एकटी वाट बघतीय. लाज नाय वाटत व्हय रे तुला?" एवढं बोलून ठेवलास, तो पुन्हा उचलला नाहीस. तुझा राग मला समजतो. अस्थी घरात आणत नाहीत म्हणून मी गाठोडं क्वार्टरमागच्या जांभळाला बांधलं होतं. ड्यूटीला निघताना त्या फांदीखाली थांबून "आबा, येतो" म्हणायचो. पाच वर्षांपूर्वी आईला आपण दोघांनी मिळून रामकुंडात सोडलं. तेव्हापासून तू फुलांचं दुकान उघडण्याआधी रोज तिथे एक शेवंतीचं फूल वाहतेस. नवराबायको एका पाण्यात असावीत, एवढंच तुझं मागणं. त्यात चूक काही नाही.

पण जाण्याआधी आबाही तुझ्यादेखत बोलले होते ना, ताई? "मला गंगेवर नगं नेऊ. आपल्या गावात ठेव." तेव्हा तू त्यांच्या तोंडाला पाणी लावत म्हणालीस, "आबा, गाव कुठं राहिलंय आता? वर धरण हाय." त्यावर ते म्हणाले, "मग? धरणाखाली हायच की."

तुला आठवतं का, आपलं गाव उठलं तेव्हा मी बिगारीत होतो आणि तू चौथीत? सर्वेवाले लाल झेंड्या रोवून गेले, त्या आपण उपटून खेळायला आणल्या, आणि आबांनी दोघांनाही बडवलं. पुढे तेच आबा धरणाच्या भिंतीवर दगड वाहायला गेले. लोक टोमणे मारायचे, "चिमाजी, सोताच्याच घरावर पाणी आणतो का रं?" आबा म्हणायचे, "दुसऱ्यानं आणण्यापरीस बरं." पाणी चढलं त्या पावसाळ्यात आपण टेकडीवरच्या नव्या गावठाणात बसून बघत होतो. आधी मळा गेला, मग चावडी, मग आपलं घर. आईने तोंडाला पदर लावला होता. आबा मात्र टक लावून बघत राहिले, पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवून यावं तसे. मग वीजघर झालं. तारा आपल्या डोक्यावरून नाशकाला गेल्या आणि आपण कितीतरी वर्षं चिमणीच्या उजेडात अभ्यास केला.

मला त्याच वीजघरात नोकरी लागली तेव्हा तूच पेढे वाटलेस. पहिल्याच आठवड्यात मी आबांना मशीन दाखवायला नेलं. वरून पाणी कसं मोठ्या पाइपातून खाली येतं, चाक फिरवतं आणि नदीत जातं, ते सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "येवढं आख्खं गाव बुडवलं, आन् आवाज नुसता पिठाच्या गिरणीवाणी!" गोटीराम, माझा जोडीदार, अजून ते सांगून हसतो. पण निघताना आबांनी भिंतीला हात लावून नमस्कार केला. तेव्हापासून मीही मशीन चालू करण्याआधी हात जोडतो. देव कशात बसतो हे मला कळत नाही, म्हणून मी कुणालाच वगळत नाही.

रामकुंडावर ओंजळ मागे का घेतली, ते सांगतो. आदल्या संध्याकाळी शहरासाठी पाणी सोडायचा आदेश आला होता आणि झडप मीच उघडली होती. आपल्या नदीचं पाणी रात्रभर चालून सकाळी गंगा-गोदावरीला मिळतं आणि रामकुंडावरून पुढे जातं. मी हात पुढे केले ते त्याच पाण्यावर. कालपर्यंत ते आपल्या घरावर उभं होतं. एकदम मनात आलं, इथे सोडलं तर आबा आईला भेटतील, पण गावात कधीच पोचणार नाहीत, कारण पाणी काही उलटं चढत नाही. आणि गावात सोडलं, तर आज ना उद्या हेच पाणी त्यांना आईपर्यंत आणेल. आयुष्यभर पाणी सोडत आलेल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार?

मग मी मशीन बंद व्हायची वाट बघितली. पाणी खेचलं जात असताना त्यांना सोडायचं नव्हतं. घरी आलेल्या माणसाला उंबऱ्यावरूनच परत कसं पाठवायचं? शहराच्या पाण्याची पाळी संपली, मशीन थांबलं, धरण निवांत झालं. सावळीराम भोयाची होडी घेतली. समोरचा सुळका आणि भिंतीचं टोक एका रेषेत आलं की खाली आपलं घर, हे आबांनीच त्याला दाखवलं होतं. सावळीरामने वल्हं थांबवलं आणि टोपी काढली. मंत्र मला येत नाहीत. "आबा, घर आलं," एवढंच म्हणालो.

मशीन बंद होतं तोवर आबा घरी राहिले. ताई, तुझ्यापासून लपवून एकट्याने केलं, म्हणून तू मला काहीही बोल. पण फसवणार नाही. धरणातला गाळ मी इतकी वर्षं बघतोय. जड असतं ते तळाशी बसतं, हलकं असतं ते पाण्याबरोबर चालू लागतं. हाडं बहुतेक घरीच राहतील. राख मात्र थांबणार नाही.

आता खरं सांगतो, मशीन बंदच राहावं असं मला रोज वाटत होतं. आबा हाकेच्या अंतरावर आहेत, असं वाटायचं. काल पाणी सोडण्याचा नवा आदेश आला. गोटीराम म्हणाला, "नवनाथ, तू घरी जा, मी सोडतो." मी नको म्हणालो. आज संध्याकाळी नदीकाठच्या लोकांसाठी भोंगा वाजवला, हात जोडले आणि झडप मीच उघडली. साक्षी सुटीला आली होती, ती आता शेवटच्या गाडीने परत निघाली आहे, तिच्याच हाती हे पत्र देतोय. सकाळी रामकुंडावर पाणी चढेल. नेहमीसारखी जा, पण उद्या दोन फुलं ने.

तुझाच धाकटा,
नवनाथ