न मोडलेली फाइल

३ मार्च, सोमवार

अकरा वर्षांनी आज पुन्हा नखं रंगवायच्या टेबलाशी बसले! रोजनिशीसुद्धा आजपासूनच सुरू करतेय, म्हणजे महिनाभराने वाचताना स्वतःवर हसता येईल. बबडी पोटात असताना रंगांच्या वासांनी ओकाऱ्या व्हायच्या म्हणून काम सोडलं. मग ती झाली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि सहा महिन्यांची सुट्टी अशी लांबत गेली. आता सासूबाई नाहीत, बबडी दहा वर्षांची झाली आहे, आणि मला घरात बसून नवऱ्याची डोकेदुखी होण्यापेक्षा नखंच बरी.

दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली आहे. काचेतून माणसं दिसत नाहीत, नुसते पाय जाताना दिसतात. आत डावीकडे केस कापायच्या दोन खुर्च्या, तिथे केसवाली. तोंडाची टकळी अशी की कात्री तिच्यापुढे मुकी. उजवीकडे माझं टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा आणि धूळ ओढून घेणारा पंखा. माझ्या काळी रंग वाळेपर्यंत गिऱ्हाइकाला तोंडी लावायला गप्पा द्याव्या लागत. आता एका डब्यात हात घातला की निळा उजेड पडतो आणि मिनिटभरात काम फत्ते. मी दोनदा तो डबा उलटा लावला.

मालकीणबाईंनी एकच नियम तीन वेळा सांगितला. एका गिऱ्हाइकाची नखं घासायची फाइल दुसऱ्याला लावायची नाही. काम झालं की गिऱ्हाइकासमोर तिचे दोन तुकडे करायचे, म्हणजे कुणाला ती पुन्हा उचलायचा मोह नको. आमच्या वेळी एक फाइल स्पिरिटमध्ये बुचकळून महिनाभर चालायची. मी मान डोलावली, पण चांगली नवीकोरी फाइल मोडताना जिवावर येतं ते येतंच.

५ मार्च, बुधवार

हात बसायला वेळ लागणार. आज एका बाईच्या अंगठ्यावर रंग नखाबाहेर गेला, पुसायला गेले तर शेजारच्या बोटाला लागला. ती बिचारी म्हणाली, असू द्या, घरी कोण बघतंय. एवढी दया मला नको होती.

दुकानात सरावासाठी प्लास्टिकचा हात आहे, पण तो थंडगार, दुखलं तरी सांगत नाही. नवऱ्याने मोठ्या मनाने आपला हात पुढे केला. त्याची नखं बघून मला सुताराला बोलवावंसं वाटलं. शेवटी बबडीशी करार झाला. तिने नखं खायची नाहीत, मी रोज संध्याकाळी ती सजवायची. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी डब्याचं झाकण लागून झालेला व्रण आहे, तिथे मी मुद्दाम एक फूलही काढलं. खूश झाली माझी बया.

१० मार्च, सोमवार

आज एक नवी बाई आली. ऊन रणरणतंय आणि हिच्या हातात कोपरापर्यंत मोजे. केसवालीने लगेच नाव ठेवलं, मोजेबाई. चेहऱ्यावरून वय सांगता येईना, चाळीसही असेल, साठही. पण मोजे काढले तेव्हा मी दचकलेच. हात ऐंशी वर्षांचे. कातडी सैल, डाग पडलेले, नखं पिवळी आणि जाड, डाव्या करंगळीचं नख मुळापासून टोकापर्यंत उभं चिरलेलं.

रंग नको म्हणाली, फक्त घासून कमी करा. मी तासभर घासत होते. मध्येच म्हणाली की माझा हात हलका आहे, असा हात पुष्कळ दिवसांत मिळाला नव्हता. आठ दिवसांत पहिल्यांदा कुणी कौतुक केलं, मला ऐकून बरं वाटलं.

फाइल मोडायला घेतली तर तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, एवढी चांगली फाइल कशाला वाया घालवता, घरी न्या की, तुमचा सराव चालूच असेल. मला हे माझ्याच मनातलं वाटलं. मालकीणबाईंची पाठ होती. फाइल मी खिशात टाकली.

११ मार्च, मंगळवार

फाइल साबणाने धुतली, स्पिरिटने पुसली, उन्हात ठेवली. मग संध्याकाळी बबडीच्या नखांवर चालवली. काय सुंदर काम झालं! दहाही नखं एका मापाची, कडा लोण्यासारख्या मऊ. नवऱ्यालासुद्धा फरक कळला, म्हणजे बघा. अकरा वर्षांपूर्वीचा माझा हात मला परत मिळाला असं वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

१४ मार्च, शुक्रवार

बबडीच्या डाव्या करंगळीचं नख चिरलं आहे. उभं, मुळापासून टोकापर्यंत.

कुठेतरी दारात सापडलं असेल. ती म्हणते, नाही सापडलं, सकाळी उठले तर असंच होतं. ती फाइल मी मोडून टाकली. उगाच आपलं.

१७ मार्च, सोमवार

मोजेबाई आली. करंगळी साफ बरी झाली आहे. चीर नाही, काही नाही, नख गुलाबी. आठ दिवसांत नख असं भरून येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. ती म्हणाली, सगळी तुमच्या हाताची किमया.

मी घासायला बसले. आज नखं मऊ लागत होती आणि भुकटी फार पडत होती. काम झाल्यावर तिच्यादेखत फाइलचे दोन तुकडे केले. ती हसली. म्हणाली, आता मोडून काय होणार.

घरी आले तर बबडी हात पाठीमागे लपवून उभी होती. दहाही नखं पिवळी. जाड.

१९ मार्च, बुधवार

त्वचेच्या डॉक्टरांनी बुरशी असेल म्हणून मलम दिलं. मग बबडीचा हात उलटा केला, बोटांच्या पेरांवरची सैल कातडी चिमटीत धरून पाहिली आणि तिचं वय दुसऱ्यांदा विचारलं. दहा, मी म्हटलं. त्यांनी लिहिलेलं खोडून तपासण्यांची यादी लिहायला घेतली.

वर्गात मुली चिडवतात म्हणून बबडी दिवसभर हात खिशात ठेवते. मी नवऱ्याला फाइलचं सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. तो म्हणाला, तू जेवलीस का? मला वेड लागलंय असं त्याला वाटतं. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

२४ मार्च, सोमवार

मोजेबाईचं काम मी करणार नाही, असं मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ती तुमचंच नाव घेऊन येते, कारण तरी सांगा. काय कारण सांगणार?

ती आली. समोर बसली. हात टेबलावर ठेवले.

लहान हात. नितळ. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी व्रण. डब्याच्या झाकणाचा. तो कसा झाला, किती रक्त आलं, मी कशी धावले, सगळं मला ठाऊक आहे.

मी केसवालीला ओढत आणलं आणि म्हटलं, बघ, हा लहान मुलीचा हात आहे. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, अगंबाई, काय छान काम केलंस गं! मी पर्स उचलली आणि निघाले. कुणीच अडवलं नाही. घरी येऊन पाहिलं. बबडीच्या अंगठ्याशी आता व्रण नाही.

२५ मार्च, मंगळवार

कामावर गेले नाही. मला वाटलं होतं, मी तिला हात लावला नाही की हे थांबेल.

सकाळपासून बबडीची नखं वाढताहेत. डोळ्यांदेखत. दुपारपर्यंत वळून तळव्याला टेकली. नेलकटर चालेना, नवऱ्याने पक्कड आणली, तीही घसरली. त्याने माझी सरावाची दुसरी फाइल घेऊन घासलं, पांढरा कणही पडेना. पोर किंचाळत होती. मग मी घेतली.

माझ्या हाताखाली नखं लगेच झिजली. बबडी शांत झाली, माझ्या मांडीवर झोपली. तिची बाही वर सरकली तेव्हा पाहिलं. सुरकुत्या मनगटापर्यंत होत्या. आता कोपरापर्यंत.

२७ मार्च, गुरुवार

मोजेबाई आता रोज येऊन माझी चौकशी करते, असं केसवालीने कळवलं. ती वेळ साधून गेले. तिने मोजे घातलेच नव्हते. दंडापर्यंत कोवळी, गोल. मान मात्र अजून म्हातारी.

मी तिचे पाय धरले. माझे हात घे म्हटलं, माझं सगळं घे. तिने माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, प्रेमाने. म्हणाली, यांनी किती भांडी घासली, किती दुखणी काढली. हे घेऊन मी काय करू? मग म्हणाली, मी कुठे काय घेते, तूच घासून घासून पाठवते आहेस. बघवत नसेल तर घासू नकोस.

तिला माहीत आहे. नाही घासलं तर काय होतं ते तिला माहीत आहे.

मालकीणबाई मला उठवायला आल्या. त्यांना माझी लाज वाटत होती.

२८ मार्च, शुक्रवार

नाही घासायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. नवऱ्याने बबडीचे तळवे उशीच्या अभ्र्यात गुंडाळले. आता त्यालाही पटलंय. आता काय उपयोग.

रात्री साडेअकरापर्यंत थांबलो. अभ्रा लाल झाला. नखं तळव्यात शिरली होती. बबडी रडायची थांबली, नुसती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, आई, कर ना.

मी केलं. मीच माझ्या पोरीच्या गळ्याला नख लावते आहे आणि ती थँक्यू म्हणते आहे.

खांद्यापर्यंत गेलं.

२९ मार्च, शनिवार

तीनदा घासलं. मान. मग गाल. कानाशी केस पांढरे.

ती आता बोलत नाही. ओठ हलतात, आवाज येत नाही. कालपर्यंत होता. तिचा आवाज कुठे गेला असेल ते मला कळतंय आणि मला ते लिहायचं नाही —

तपासण्यांमध्ये काहीच दोष नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतंच. या वयात!

३० मार्च, रविवार

नवरा ॲम्ब्युलन्स आणायला गेलाय. सकाळी फोन केला, कुणी येईना, म्हणून स्वतःच गेला. तास झाला. फोन लागत नाही.

सकाळी शेवटचं घासलं. नखंच उरली नाहीत, नुसती लाल बोटं. पलंगावर एक म्हातारी आहे, बबडीच्या निळ्या फ्रॉकमध्ये. फ्रॉकच्या शिवणी उसवल्यात. मी तिचा हात धरून बसले आहे आणि डाव्या — नाही, उजव्या हाताने लिहिते आहे. लिहिलं नाही तर मी विसरेन. पलंगावर आहे ती माझी. ही माझी. ही बबडी.

दार वाजलं.

नवऱ्याकडे किल्ली आहे.

पुन्हा वाजलं. खालच्या बाजूला. लहान हाताने वाजवतात तसं.

आई, दार उघड ना, म्हणतेय. तिचाच आवाज. शाळेतून आल्यावर असतो तसा, दमलेला, भूक लागलेला. मला माहीत आहे ती कोण आहे. मला माहीत आहे. पलंगावरच्या म्हातारीने माझं बोट घट्ट धरलंय, मान हलवतेय, नको, नको —

आई, मला भीती वाटते गं, म्हणतेय बाहेर.

मी बोट सोडवून घेतलं. मी नाही घेतलं, ते सुटलं — बबडी बघतेय माझ्याकडे. मी उठणार नाही. लिहीत राहीन. ही माझी, पलंगावरची. ही माझी. दहा वर्षं त्या हाकेला मी धावले आहे, पायांना कसं सांगू — वहीत उभ्याने लिहितेय — दार समोर आहे — बबडी, मी तुझ्याकडेच येतेय, बघ, मी —