आभारात माझं नाव

मयूर विहार, दिल्ली
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय रुचिता,

तू आणि वसईहून तुझ्याकडे आलेल्या आई बऱ्या असाल. रविवारी मेट्रोत बसायला जागा मिळाली, जेवायच्या वेळेला घरी पोचले. आमच्या ह्यांची शुगर जेमतेम आटोक्यात आहे आणि बागेतल्या बाकावरचं राजकारण जोरात.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस. ‘जाऊ द्या ना ताई’ म्हणशील आणि मी जाऊ देईन. मला ती सवय आहे.

तेहतीस वर्षं दिल्लीत काढली, पण चर्चमध्ये पहिल्यांदाच आले. नेहमीसारख्या दाराशी चपला काढल्या आणि बघते तर सगळे बूट घालून आत. मागचे आजोबा म्हणाले, “बहनजी, पहन लीजिए, फ़र्श बहुत ठंडा है.” तू तोंडावर हात ठेवून हसलीस. वडील गेल्यापासून तुला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग कधी उभं राहायचं, कधी बसायचं, सगळं तुझ्याकडे बघून करत होते. आपल्या सेक्शनमध्ये नवीन आलेली क्लार्क मोठ्या बाईंकडे बघून करते, तसं. आपल्या दोघींची उलटापालट झाली म्हणून मला गंमतही वाटत होती.

मिस्सा म्हणजे तुमची ती प्रार्थना सुरू होण्याआधी माइकवरच्या बाईंनी ती कोणासाठी आहे ते वाचलं. पास्कल डाबरे, पहिला स्मृतिदिन. हे नाव येणार, तुझ्या वडिलांसाठीच आपण जमलोय, हे तू सांगितलं होतंस. पुढचं नव्हतं सांगितलंस. “और श्रीमती विजयालक्ष्मी जी के लिए, जिन्होंने कठिन समय में इस परिवार का साथ दिया, धन्यवाद सहित.” तू माझा हात दाबलास. मी मान खाली घातली. तुला वाटलं असेल, ताईंना भरून आलं. मला उठून बाहेर पळावंसं वाटत होतं.

प्रसादाच्या वेळी तू म्हणालीस, तो तुम्हाला घेता येणार नाही, पण हात छातीवर बांधून रांगेत या, फादर आशीर्वाद देतील. मी गुडघ्याचं निमित्त सांगून बसून राहिले. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

इथपर्यंत लिहून मी उठले, भाजी निवडली, ह्यांना चहा दिला. आता लिहिते.

मुंबईला बदली मागणारा तुझा अर्ज गेल्या वर्षी ८ जानेवारीला माझ्या हातात आला. वडिलांच्या आजाराचे कागद नीट जोडलेले होते. मी तो १३ फेब्रुवारीला वर पाठवला. मधले छत्तीस दिवस तो माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होता. वरच्या साहेबांनी अडवला नव्हता, कोणी हरवला नव्हता. बजेट सेशन तोंडावर होतं. संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं तू लिहायचीस आणि मी सही करायचे. एप्रिलमध्ये मी रिटायर होणार होते आणि शेवटच्या सेशनला मला बोलणी खायची नव्हती. तू गेलीस तर माझं काय होईल, एवढाच विचार केला.

तू रोज विचारायचीस. मी म्हणायचे, अंडर सेक्रेटरीकडे आहे, चलो, होऊन जाईल. एकदा तुझ्यासमोर फोन उचलून “सर, वह डाबरे वाला केस ज़रा देख लीजिए” असं म्हटलं. पलीकडे कोणी नव्हतं. त्या दिवशी तू माझ्यासाठी कँटीनमधून चहा आणलास आणि मी तो प्यायले.

याहून वाईट पुढे आहे. जानेवारीअखेर तू आठ दिवसांची रजा मागितलीस, वडिलांना बघून येते म्हणालीस. मी म्हटलं, ऐन सेशनमध्ये रजा मागितलीस तर बदलीची केस बिघडेल, थोडं थांब, आता कायमचीच जाशील. तू थांबलीस. २१ फेब्रुवारीला वडील गेले. तू वसईला पोचलीस तेव्हा त्यांना बाहेर अंगणात ठेवलं होतं, हे तूच मला सांगितलंस, माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून.

वर्षभर मी स्वतःला सांगत आले की अर्ज वेळेवर गेला असता तरी बदली इतक्यात झाली नसती. खरंही असेल. पण रजा तर माझ्या हातात होती. आठ दिवस.

मी माफी मागत नाही. मागितली की तू देशील, मग मी पुन्हा चहा पिऊन मोकळी. तू चिडावंस, ओरडावंस, हवं तर ऑफिसात लेखी तक्रार करावीस. तारखा मी वर लिहिल्या आहेत, त्या मी कुठेही कबूल करीन. आणि यापुढे कोणत्याही प्रार्थनेत आभारांसाठी माझं नाव देऊ नकोस.

हे पत्र आईंना वाचून दाखव. रविवारी फाटकाशी त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, “तुम्ही होईल तेवढं केलंत, बाई. रुचिताची आणि त्यांची भेट देवाच्याच मनात नव्हती.” मी ‘हो’ म्हणाले. देवाच्या दारात उभी राहून हो म्हणाले.

त्यांना सांग, देवाच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. ती भेट माझ्या मनात नव्हती.

विजयालक्ष्मी कारखानीस
सेक्शन ऑफिसर (निवृत्त)