वाफ्यातलं अळू आणि म्हात्र्यांच्या आईंची वाटी

अक्षय तृतीया, बुधवार
पूजा आटोपून बिल्डिंगमागच्या वाफ्यात अळकुड्या लावल्या. सव्वीस. कुदळ आपली, हात आपले. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही.
गॅलरीतून सेक्रेटरी म्हात्रे, "काय वहिनी, यंदाही घसा धरायला लावणार?"
गेल्या वर्षी पुराच्या पाण्याबरोबर रानअळूचे कंद वाफ्यात आले. मी ओळखले नाहीत. ऋ.पं.ची भाजी अख्ख्या बिल्डिंगला वाढली, म्हात्र्यांच्या आईंची जीभ दोन दिवस सुजलेली. अजून लाज वाटते.

वटपौर्णिमा, मंगळवार
परवा सोसायटीची मीटिंग झाली. वाफ्यावर पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या लावायच्या म्हणे. नोटीसही लागली. आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगमध्ये उभी राहिले. "गणपतीपर्यंत थांबा. यंदा कुणाचा घसा खवखवला तर मीच वाफा उपटते." म्हात्रे म्हणाले, "लिहून घ्या." घेतलं.

नागपंचमी, मंगळवार
शनिवारी नदी परत वाफ्यात शिरली. उतरली तर रांगाच मोडलेल्या, कोंब सगळीकडे. आपलं कुठलं, परकं कुठलं? आज चिरणं-खणणं नाही. नुसती बघून आले. रडू आलं, पण...

गुरुवार
ठरवलं. प्रत्येक गड्ड्याचं एक देठ, वेगळं शिजवायचं, चिंच न घालता. चिंच घातली की खाज लपते, गेल्या वर्षी तिथेच फसले. आधी माझ्या जिभेवर. बाधलं नाही तर गड्ड्याला पूजेचा लाल नाडा.
हे : "तुझी जीभ आहे का प्रयोगशाळा?"

नारळी पौर्णिमा, शनिवार
सात उपटले. एकाने तर डोळ्यांत पाणी आणलं, कोकम चघळत बसले. बाकी सगळ्यांना नाडा! तळमजल्याच्या कविताभाभी, कॅम्प २च्या सिंधी वस्तीतून आलेल्या, कुंपणापाशी हसतात, "दीदी, अरवी का टुक तलूँगी मैं, लेकिन पहले तुम खाओ!" टुक म्हणजे अळकुडीच्या दाबून तळलेल्या चकत्या.

ऋषिपंचमी, गुरुवार
भाजी झाली. अळू, अळकुड्या, भोपळा, भेंडी, मका. मोठं पातेलं जिन्याखाली. सगळ्या आल्या, पण वाटी तोंडाला कुणी लावेना.
म्हात्र्यांच्या आई खुर्चीवर. "आदी तू खा गो."
खाल्ली. मग त्यांनी. पाव तास कुणी हललं नाही. मनात गणपतीचा जप. मग वाटी पुढे आली, "आजून घाल गो. देठं घाल."
भाभींनी टाळी वाजवली. मग पातेल्यावर झुंबड! म्हात्र्यांनी उभ्याउभ्या तीन वाट्या. पातेलं चाटूनपुसून साफ. मला उरली नाही, देवाची कृपा.

गौरी विसर्जन, मंगळवार
पेव्हर ब्लॉकची नोटीस अजून फळ्यावरच. मीटिंग रविवारी. सकाळी म्हात्र्यांच्या आई काठी टेकत वाफ्यावर आल्या. कोपरा दाखवला. "तिथं सुरन लाव. फुडच्या ऋषीला मला पायजे." गॅलरीत म्हात्रे उभे, ऐकत.
सुरण लावायला अजून आठ महिने आहेत. तरी खड्डा आजच खणून ठेवला. दोन हात खोल.