मी गाडीत बसत जाईन

पप्पा, आपल्या त्या बेसबॉल पार्कच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून लिहितेय. तुम्ही गेलात तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि तुम्ही मराठीत काहीही विचारलंत तरी मी जर्मनमध्येच उत्तर द्यायचे. मराठी लिहायला आईकडून शिकले, तुमच्यानंतर. तुम्ही शिकवायचात तेव्हा कंटाळा यायचा मला.

क्रिकेटपलीकडे तुम्हाला काही कळायचं नाही, हे मात्र खरं. कारखान्यातली शिफ्ट संपली की तसेच यायचात आणि जाळीला नाक लावून उभे राहायचात. त्या दिवशी माझा बॉल लांब गेला आणि तुम्ही ओरडलात, "बॅट टाकू नकोस गं, घेऊन पळ!" बेसबॉलमध्ये बॅट टाकूनच पळतात, मला चांगलं ठाऊक होतं. तरी तुमचा आवाज ऐकला आणि पळाले घेऊन. वर पहिल्या बेसपाशी वाकून बॅट जमिनीला टेकवलीसुद्धा, अंगणात तुम्ही शिकवली होतीत तशी. सगळं मैदान हसलं. तुम्ही टाळ्या वाजवत होतात, "पोचली क्रीजमध्ये!" इतकी लाज वाटली मला तुमची. परत येताना मागच्या सीटवरून म्हटलं, "डू कोम्स्ट निष्ट मेअर." आता यायचं नाही तुम्ही. आरशात माझ्याकडे बघत तुम्ही म्हणालात, "बरं बाई. मी गाडीत बसत जाईन."

आणि बसलात की, अख्खा सीझन. सगळ्या टीमसाठी आणलेला पोह्यांचा डबा मांडीवर घेऊन, काच वर करून. शेवटच्या मॅचनंतर ग्रिल पेटलं, आम्ही सगळ्या तिथेच रेंगाळलो. तासाभराने येऊन मी काचेवर टकटक केली, तुम्ही उठला नाहीत. लवकर कळलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर आईला म्हणाले. दर स्मृतिदिनी मेणबत्ती लावून झाली की आई विचारते, "तुला गाडी दिसलीच नव्हती ना गं?" मी म्हणते, "नाही."

दिसली होती, पप्पा. मान छातीवर पडलेलीही दिसली होती. झोपलेत ते बरंच आहे, डबा घेऊन बाहेर तरी येणार नाहीत, असं वाटलं मला. आणि मी दुसरं सॉसेज घेतलं.

आज तुमची नात खेळतेय. आई तुमच्याच जागी जाळीपाशी उभी आहे. आज तिला सांगायचंच म्हणून आले होते. आत्ता तिने मला हात केला, ये म्हणून. हा कागद समोरच्या खणात टाकते. तिने विचारलं तर आजही नाहीच म्हणेन.