गेटवरच्या डब्याचं अपग्रेड

३० जून, सोमवार.
बद्रीनाथ आज पुन्हा उशिरा. ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवतो, पण त्याच्या वडीगोद्रीहून अंबडचं कॉलेज किती लांब हे अजून कळलेलं नाही. गेटवरच्या हजेरीच्या थंब मशीनवर अंगठाही लावला नाही. विचारलं तर म्हणाला, गेटवर वायफायच न्हाई, मंग मशीन काय करन? अख्ख्या स्टाफरूमने माना डोलावल्या. हरामखोर एकजात.
ठरलं. वायफायचे सगळे पांढरे डबे नव्या फर्मवेअरवर, म्हणजे डब्याच्या आतल्या नव्या सॉफ्टवेअरवर न्यायचे. वायफाय पक्कं, बद्रीनाथचं तोंड बंद. काकासाहेब, म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष, खूश. मला केबिन. लॅब असिस्टंट मी फक्त कागदावर आहे.

१ जुलै, मंगळवार.
अर्पिता मॅडम कॉम्प्युटर शिकवतात. कोणी विचारलं नव्हतं, तरी कंपनीची नोट वाचून आल्या. म्हणे नव्या फर्मवेअरमध्ये ‘नोन इश्यू’ आहेत. जुन्या थंब मशीनचं कनेक्शन तुटतं, आणि एकदा अपग्रेड केलं की जुन्यावर परत येता येत नाही.
मी समजावलं. नोन म्हणजे कंपनीला माहीत असलेले. कंपनीला माहीत आहे तर काळजी कंपनी करेल. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पटलं असणार.

३ जुलै, गुरुवार.
मॅडमचा नवा सल्ला : आधी फक्त गेटवरचा डबा करून बघा. मी मुद्दाम स्टाफरूममधला केला. मोबाइलवर व्हिडिओ झकास चालला. टेस्टिंग पूर्ण.

५ जुलै, शनिवार, संध्याकाळ.
नारळ फोडला. उरलेले सगळे डबे अपग्रेड. सगळीकडे हिरवे दिवे. बद्रीनाथ, सोमवारी बघतो तुला.

७ जुलै, सोमवार.
वायफाय सुसाट. गेटवरसुद्धा. फक्त थंब मशीनला ते दिसत नाही. दोष मशीनचा.
जुन्या फर्मवेअरवर परत जाता येतं का, सहज बघितलं. येत नाही. अर्पिता मॅडमनी कंपनीची नोट घडी करून पर्समध्ये ठेवली. त्याचाच जास्त राग आला.

८ जुलै, मंगळवार.
कोणाचाच अंगठा लागत नाही. काकासाहेबांना अजून कळवलेलं नाही, योग्य वेळ बघतोय. बद्रीनाथ दुसऱ्या तासाला उगवला. मला बघून लांबूनच हात जोडले. वचकून आहे.

१० जुलै, गुरुपौर्णिमा.
स्टाफरूममध्ये माझा सत्कार! शाल, श्रीफळ, हार. तेही बद्रीनाथच्या हस्ते. शेवटी मेहनत दिसतेच. मी उत्तराचं भाषण खिशात घेऊन उभा.
तेवढ्यात काकासाहेब आले. कशाबद्दल सत्कार चाललाय, विचारलं. बद्रीनाथ रंगात आला होता. म्हणाला, सरांनी लई उपकार केले साहेब, मशीन बिलकुल बंद करून टाकलं, आता कवा बी या.
माझं भाषण खिशातच राहिलं. काकासाहेबांनी स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यातला हार काढला. म्हणाले, नवं मशीन येईस्तोवर गेटवर हेच बसतील, सगळ्यांच्या आधी येऊन सह्या घेतील. बद्रीनाथवर एक शब्द नाही.
एका अर्थी स्वतंत्र जागा मिळाली.

११ जुलै, शुक्रवार.
गेटवर स्टूल. टोचतं, म्हणून शालीची घडी करून खाली घातली. वायफाय इथे उत्तम आहे.
पहिली सही बद्रीनाथची. आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी आला. सही केली, समोरच्या टपरीवरून चहा मागवला, खुर्ची ओढली आणि माझ्याकडे तोंड करून बसला. घंटा होईपर्यंत हलला नाही.
मी विचारलं, उद्या असेच वेळेवर येणार का? म्हणाला, तुमी हितं बसून राह्यले तंवर रोज येतो बगा.
म्हणजे योजना यशस्वी.