वाढती पिंपळी

३० जानेवारी
वैद्यांच्या सांगण्यानुसार सौ.ची पिंपळी आजपासून सुरू. आज तीन, रोज एक वाढवून दहापर्यंत, मग त्याच क्रमाने उतरणे. दुधात उकळून, सकाळी. १३ फेब्रु.ला पूर्ण, १५ला महाशिवरात्र. देवळातल्या भजनाचा पहिला अभंग गेली वीस वर्षे सौ.चा. दिवाळीतल्या तापात तिचा आवाज बसला, तो अद्याप बसलेलाच. पिंपळी घरचीच. परसातल्या पोफळीवर चढलेला वेल तिने संगमेश्वरहून, माहेराहून आणला होता. तक्ता आखून स्वयंपाकघरात लावला.

३१ जानेवारी
चार. "अहो, औषध मला की तक्त्याला?" सौ. कुजबुजली. सध्या तेवढाच आवाज निघतो.

२ फेब्रुवारी
सहा. शेजारच्या शालूवहिनी भजनाचे विचारायला आल्या. "यंदा पहिला अभंग कोणी म्हणायचा?" "हीच म्हणेल," मी सांगून टाकले. सौ. मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली.

५ फेब्रुवारी
नऊ. दोन्ही वेळा अर्धेच जेवली. "भूक नाही." इतकेच.

६ फेब्रुवारी
दहा उकळत ठेवल्या होत्या. शालूवहिनी गडग्यापलीकडून म्हणाल्या, "भावोजी, तिच्या छातीत चार दिवस जळजळतंय हो. तुम्हाला सांगू नको म्हणालीन."
जळजळ झाल्यास त्वरित थांबवावे, असे वैद्यांनी बजावले होते. माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.
सौ.ला विचारले. म्हणाली, "इतकं मन लावून आखलात. मध्येच कसं मोडायचं?"
दूध ओतून टाकले. वैद्यांना फोन. तूर्त बंद, आठवड्याने तपासून पुन्हा, या वेळी एकीपासून, सुरू करायचे का, ते ठरवणार.
तीस वर्षांच्या संसारात "दुखतंय का?" हा प्रश्न मी किती वेळा...

९ फेब्रुवारी
जळजळ नाही. दुपारी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. आवाज तसाच.

१४ फेब्रुवारी
शालूवहिनी पुन्हा अभंगाचे विचारायला आल्या. या वेळी मी सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, "येईन देवळात. म्हणायचं की नाही, ते तिथे बसल्यावर."
वहिनी हसल्या, "चालेल गो. आम्ही टाळ धरून थांबू."
उद्या मी बायकांच्या बाजूला, तिच्याजवळ बसणार आहे. पुरुष पलीकडे बसतात. तरीही.